श्वार्झशिल्ड खरंच खंदकात बसून गणित करत होता का? एका जुन्या गनरचं उत्तर

प्रश्न असा आलाय: ब्लॅक होलवाला कार्ल श्वार्झशिल्ड पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्यात ऑफिसर होता, रशियन आघाडीवर खंदकात बसून त्याने आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं सोडवली आणि तिथेच मेला, यातलं खरं किती? एवढा मोठा प्रोफेसर तोफांवर करत काय होता? आणि आजारपणाने गेला असेल तर त्याला युद्धात मेला म्हणायचं का?

याची उत्तरं बहुतेक वेळा फिजिक्सवाले देतात आणि छानच देतात, पण तोफखान्याचा भाग आला की दोन ओळीत उरकतात, "तोफेच्या गोळ्यांची गणितं करत होता" एवढं म्हणून पुढे. मी वीसहून जास्त वर्षं आर्टिलरीत काढली, त्यातली काही देवळालीला पोरांना गनरी शिकवण्यात, त्यामुळे मी त्या दोन ओळींतच जरा जास्त वेळ घालवणार आहे. हा माणूस माझ्यासाठी आधी गनर आहे आणि मग ब्लॅक होलवाला.

आधी थेट उत्तर देतो. तोफखान्यात होता, शंभर टक्के, लेफ्टनंट होता. पायदळाच्या खंदकात रायफल घेऊन बसलेला नव्हता, पण तोफांच्या आवाजाच्या टप्प्यात नक्की होता. आणि आघाडीवर मेला नाही, मार्च १९१६ मध्ये आजारी म्हणून परत पाठवला आणि ११ मे १९१६ ला पॉट्सडॅमला वारला, बर्लिनच्या शेजारी. वय ४२.

आता नीट सांगतो. जन्म ९ ऑक्टोबर १८७३, फ्रँकफर्ट, ज्यू कुटुंब, भावंडांत सगळ्यात मोठा. सोळाव्या वर्षी जोडताऱ्यांच्या कक्षांवर याचे पेपर छापून आले होते, आपल्याकडे त्या वयात पोरगं दहावीच्या क्लासला जात असतं. स्ट्रासबुर्ग, मग म्युनिकला झेलिगर यांच्याकडे डॉक्टरेट, मग व्हिएन्नाच्या कुफनर वेधशाळेत फोटोवरून ताऱ्यांचं तेज मोजायचं काम, १९०१ पासून ग्योटिंगेनला प्रोफेसर आणि वेधशाळेचा डायरेक्टर, १९०९ मध्ये पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी वेधशाळेचा डायरेक्टर. जर्मनीत खगोलशास्त्रज्ञाला याच्या वरची खुर्ची जवळपास नव्हतीच. ग्योटिंगेनला हिल्बर्ट, मिन्कोव्स्की, क्लाइन असली गणितातली बडी मंडळी सोबत होती. १९०९ मध्येच एल्झेशी लग्न, तीन मुलं: आगाथे, मार्टिन, आणि सगळ्यात धाकटा आल्फ्रेड, जो १९१४ साली जन्मला, म्हणजे युद्ध सुरू झालं त्याच वर्षी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑगस्ट १९१४ मध्ये हा माणूस स्वतःहून भरती झाला. वय चाळीस, सरकारी वेधशाळेचा डायरेक्टर, बर्लिनच्या प्रशियन अकॅडमीचा, म्हणजे मोठ्या विज्ञानसंस्थेचा मेंबर, घरात तान्हं मूल. कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलंही नसतं. मग का गेला? याचं उत्तर समजायला एक गोष्ट माहिती पाहिजे. प्रशिया म्हणजे जर्मनीतलं सगळ्यात मोठं राज्य, त्याच्या सैन्यात १८८५ पासून युद्ध सुरू होईपर्यंत एकाही ज्यू माणसाला रिझर्व्ह ऑफिसर, म्हणजे राखीव अधिकारी केलेलं नव्हतं. कायद्याने बंदी नव्हती, पण करायचेच नाहीत. प्रोफेसर व्हा, नोबेल मिळवा, पण खांद्यावर पट्टी नाही. युद्ध लागल्यावर ते दार उघडलं, आणि जर्मनीतले हजारो ज्यू तरुण आणि तरुण नसलेलेही त्या दारातून आत गेले, कारण आपण या देशाचे आहोत हे दाखवायची ती जागा होती. साधारण एक लाख ज्यू जर्मन सैन्यात लढले, बारा हजारांच्या आसपास मेले. श्वार्झशिल्ड मनाने देशभक्तच होता, त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली असं नाही, पण या संदर्भाशिवाय त्याचा निर्णय नुसता प्रोफेसरचा वेडेपणा वाटतो आणि तो तसा नव्हता.

पहिली नेमणूक बेल्जियममध्ये नामूरला, तिथल्या हवामान केंद्राचा प्रमुख म्हणून. नामूर म्हणजे नऊ किल्ल्यांच्या कड्याने वेढलेलं शहर, ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनांनी अवजड तोफांनी काही दिवसांत फोडलं होतं. त्यानंतर फ्रान्समध्ये तोफखान्याच्या स्टाफवर, तिथे गोळ्यांच्या मार्गाची गणितं, आणि मग रशियाच्या बाजूला. बेल्जियम, फ्रान्स, रशिया, दीड वर्षात तीन ठिकाणं. कथेत फक्त रशिया उरतो, कारण बर्फ, खंदक आणि एकटा माणूस हे चित्र जास्त भिडतं.

"हवामान केंद्रात होता" म्हटलं की लोकांना वाटतं सुरक्षित टेबलवर्क. गनरला तसं वाटत नाही. हवामान हेच आमचं अर्धं काम आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय या माणसाने काय केलं ते कळणारच नाही, त्यामुळे इथे थोडं थांबा.

तोफेसोबत एक पुस्तक येतं, रेंज टेबल. अमुक चार्ज (गोळा फेकणारी दारू), अमुक एलिव्हेशन (नळीचा कोन), गोळा इतक्या मीटरवर पडेल. पण ते पुस्तक एका ठरावीक हवेसाठी लिहिलेलं असतं, ठरलेलं तापमान, ठरलेला दाब, वारा शून्य. असा दिवस पृथ्वीवर जवळपास उगवतच नाही. हवेचं तापमान दहा डिग्रीने बदललं की घनता साडेतीन टक्क्यांच्या आसपास बदलते, म्हणजे पहाटेच्या थंडीत मारलेला गोळा आणि त्याच तोफेचा त्याच सेटिंगवर दुपारी मारलेला गोळा एका ठिकाणी पडत नाहीत, पहाटेचा आखूड पडतो कारण हवा दाट असते. उलट उंचावर गेलात की हवा विरळ, गोळा टेबलापेक्षा लांब जातो. १९९९ मध्ये कारगिलला आपल्या गनर्सना हेच रोज हिशोबात धरावं लागत होतं, मैदानातल्या आकड्यांवर तिथे विसंबून चालत नाही.

आणि वारा. हा माझा आवडता विषय, नवीन पोरांना मी पहिल्याच दिवशी विचारायचो. समजा दहा किलोमीटरवर गोळा टाकायचाय, हवेत पस्तीस सेकंद राहतो, आणि आडवा वारा आहे सेकंदाला दहा मीटर. गोळा किती बाजूला जाईल? सगळे पटकन म्हणतात पस्तीस गुणिले दहा, साडेतीनशे मीटर. चूक. गोळा म्हणजे काही नदीत सोडलेलं पान नाही, वारा त्याला नुसता वाहून नेत नाही. वाऱ्याचा परिणाम फक्त हवेच्या विरोधातून होतो, हवेने गोळ्याला अजिबात अडवलं नसतं तर वाऱ्याने तो एक इंचही हलला नसता. मग हिशोब असा की हवा नसती तर गोळा किती वेळात पोचला असता, समजा सुरुवातीचा आडवा वेग सेकंदाला चारशे मीटर, तर दहा किलोमीटरला पंचवीस सेकंद. प्रत्यक्षात लागले पस्तीस. हवेने दहा सेकंद उशीर केला, त्या दहाला वाऱ्याच्या दहाने गुणा, शंभर मीटर. साडेतीनशे नाही, शंभर. हे कळल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो ना, त्यासाठी शिकवावंसं वाटायचं.

पण हे सुद्धा सोपं करून सांगितलं, कारण वारा सगळीकडे सारखा नसतो. जमिनीवर पश्चिमेचा, हजार मीटरवर नैऋत्येचा, तीन हजारवर आणखी जोराचा. गोळा या सगळ्या थरांतून वर जातो आणि परत खाली येतो, आणि सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो आपल्या मार्गाच्या माथ्याजवळ, कारण तिथे तो वर चढायचा थांबलेला असतो. म्हणजे माथ्याजवळच्या थराला हिशोबात वजन वेगळं आणि खालच्या थराला वेगळं. म्हणून फुगे सोडायचे, थराथराचा वारा मोजायचा, घनता काढायची, आणि या सगळ्याचं एक करेक्शन गन पोझिशनवर पाठवायचं. आजही हेच चालतं, फक्त कॉम्प्युटर करतो. १९१५ मध्ये तो कॉम्प्युटर म्हणजे पेन्सिल घेतलेला माणूस होता.

आणि श्वार्झशिल्डने नेमकं यावर काम केलं. वारा आणि हवेची घनता यांचा गोळ्याच्या मार्गावर होणारा परिणाम, असा त्याचा पेपर आहे, १९१५ मध्ये बर्लिनच्या अकॅडमीकडे पोचला होता. पण छापला नाही. शत्रूच्या हातात जाऊ नये म्हणून दाबून ठेवला आणि छापून आला थेट १९२० मध्ये, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. त्याच्या रिलेटिव्हिटीच्या पेपरांवर शेकडो लोकांनी लिहिलंय, या पेपरचं नाव मात्र चरित्रांत एका ओळीत येतं आणि जातं. मला हे मनापासून लागतं.

खगोलशास्त्रज्ञच या कामाला का योग्य, हे कोणी विचारत नाही. ग्रह सूर्याभोवती फिरतो तो मार्ग आधी ढोबळ काढायचा, मग गुरूची ओढ, शनीची ओढ, असे छोटे छोटे धक्के लावत तो दुरुस्त करायचा, ही दोनशे वर्षांची खगोलशास्त्राची पद्धत. गोळ्याचं तसंच आहे, टेबलातला मार्ग हा मूळ मार्ग, आणि वारा, घनता, चार्जचं तापमान हे धक्के. सोळाव्या वर्षापासून कक्षांमध्ये रमलेल्या माणसाला तोफेसमोर बसवलं तर त्याला ते परकं वाटणारच नाही. हा योगायोग नाही याला पुरावा म्हणजे अमेरिकेने सुद्धा १९१८ मध्ये आपलं बॅलिस्टिक्सचं गणित सुधारायला फॉरेस्ट रे मोल्टन यांना आणलं, तेही खगोलशास्त्रज्ञच.

हे काम किती महत्त्वाचं होतं ते युद्धाच्या शेवटी दिसलं. सुरुवातीला पद्धत अशी की आधी एकेक गोळा टाकून बघायचा, पुढे पडला, मागे पडला, दुरुस्त करायचा आणि मग खरा मारा. यात तास जातात आणि समोरच्याला कळतं की काहीतरी शिजतंय. हवामान आणि तोफेची झीज यांचा हिशोब आधीच करून, एकही ट्रायल न टाकता, पहिलाच गोळा जागेवर टाकायचा, हे जमलं तर अचानक हल्ला शक्य होतो. जर्मनांकडे पुल्कोव्स्की नावाच्या कॅप्टनने त्याची पद्धत बसवली आणि २१ मार्च १९१८ च्या पहाटे पश्चिम आघाडीवर साडेसहा हजारांच्या आसपास तोफा सुरू झाल्या तेव्हा ती वापरली गेली. श्वार्झशिल्ड तोवर नव्हता आणि त्या हल्ल्याचं श्रेय त्याला द्यायचं असं मी म्हणत नाहीये, पण प्रश्न तोच होता ज्यावर तो १९१५ मध्ये डोकं लावून बसला होता.

आता आइन्स्टाइनच्या भागाकडे येतो.

हा माणूस या विषयात अचानक टपकला नव्हता. १९०० मध्येच त्याने प्रश्न विचारला होता की विश्वाची जागा वक्र असेल तर किती वक्र असू शकते, आणि ताऱ्यांच्या मोजमापांवरून त्याची मर्यादाही काढली होती, आइन्स्टाइन तेव्हा विद्यार्थीदशेतून नुकता बाहेर पडला होता. १९१४ मध्ये पॉट्सडॅमला त्याने सूर्याच्या वर्णपटात गुरुत्वाकर्षणाने होणारा बदल दिसतो का हे पाहायचा प्रयत्न केला होता, हाती ठोस काही लागलं नाही. म्हणजे आइन्स्टाइन काय करतोय यावर त्याचं पहिल्यापासून लक्ष होतं.

१८ नोव्हेंबर १९१५ ला आइन्स्टाइनने अकॅडमीसमोर बुध ग्रहाचं कोडं सोडवून दाखवलं, त्याच्या कक्षेत शतकाला ४३ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग) जो फरक न्यूटनच्या गणितात बसत नव्हता तो याच्या सिद्धांतातून बरोबर निघाला. पण आइन्स्टाइनने उत्तर अंदाजे काढलं होतं, पायरी पायरीने जवळ जात. अचूक उत्तर काढता येईल असं त्यालाही वाटत नव्हतं. एक आठवड्याने, २५ नोव्हेंबरला, समीकरणं शेवटच्या रूपात आली. आणि २२ डिसेंबर १९१५ तारखेचं पत्र आघाडीवरून आइन्स्टाइनला आलं, एका लेफ्टनंटचं, त्यात अचूक उत्तर. महिना सव्वा महिन्यात. त्या पत्राचा शेवट प्रसिद्ध आहे, त्यात तो म्हणतो की जवळच जोरदार तोफा चालू असूनही युद्धाने माझ्यावर एवढी कृपा केली की तुमच्या कल्पनांच्या प्रदेशात मला हा फेरफटका मारता आला. आइन्स्टाइनने जानेवारीत कळवलं की इतकं सोपं अचूक उत्तर निघेल असं वाटलं नव्हतं, आणि १३ जानेवारी १९१६ ला स्वतः त्याच्या वतीने पेपर अकॅडमीसमोर मांडला.

"खंदकात बसून सोडवलं" याबद्दल माझं मत असं. तोफखान्याच्या स्टाफवरचा ऑफिसर पायदळाच्या पहिल्या खंदकात बसत नाही, तो मागे असतो, टेबल असतं, कागद असतात, लॉगॅरिदमची टेबलं असतात, आणि मारा चालू नसतो तेव्हा भरपूर रिकामा वेळ असतो. युद्धात नव्वद टक्के वेळ वाट बघण्यात जातो हे कुठल्याही फौजीला विचारा. तोफांचा आवाज मात्र खरा, आणि तो आवाज चालू असताना एका विचाराला धरून बसणं किती अवघड असतं हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मला फायरिंगच्या दिवशी घरचं पत्रसुद्धा धड लिहिता यायचं नाही. त्यामुळे खंदक काढून टाकला तरी या गोष्टीचं मोल कमी होत नाही.

त्याने सोडवलं काय, हेही थोडक्यात. एकच गोल वस्तुमान, भोवती रिकामी जागा, त्याच्या भोवतालचं गुरुत्वाकर्षण नेमकं कसं असेल. यात एक अंतर येतं, सूर्यासाठी साधारण तीन किलोमीटर, पृथ्वीसाठी नऊ मिलिमीटरच्या आसपास, आज त्यालाच श्वार्झशिल्ड त्रिज्या म्हणतात. पण "त्याने ब्लॅक होल शोधलं" हे वाक्य कृपया लिहू नका. त्याने ते शोधलं नाही आणि त्याला ते खरं वाटलंही नसतं. २४ फेब्रुवारी १९१६ ला त्याचा दुसरा पेपर मांडला गेला, त्यात त्याने दाखवलं की एकसारख्या घनतेचा द्रवाचा गोळा त्या त्रिज्येपर्यंत दाबताच येत नाही, त्रिज्येच्या नऊ अष्टमांश पटीला पोचतानाच मध्यातला दाब अनंत होतो. म्हणजे त्याच्या लेखी निसर्ग तिथवर जाणारच नव्हता. कृष्णविवर म्हणून त्या उत्तराचा अर्थ लागायला पुढची चार-पाच दशकं गेली. त्या वाटेवर आपलीही माणसं आहेत, कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर, जयंतरावांचे वडील, बनारसला शिकवत होते, त्यांच्यासोबत काम केलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये श्वार्झशिल्डचं उत्तर प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्यासाठी वाढवलं, जगभर ते वैद्य मेट्रिक म्हणून शिकवतात. आणि भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवलं की श्वार्झशिल्डच्या ब्लॅक होलला धक्का दिला तर ते ठरावीक सुरात थरथरून शांत होतं.

आणखी एक माणूस मला इथे आणायचाच आहे, कारण तो समोरच्या बाजूला होता. रशियाचा अलेक्झांडर फ्रीडमन. हवामानशास्त्रज्ञ आणि गणिती, १९१४ मध्ये तोही स्वतःहून भरती, ऑस्ट्रियाच्या आघाडीवर विमानदळात, विमानातून टाकलेला बॉम्ब कुठे पडेल याची टेबलं तो बनवायचा आणि ती बरोबर आहेत का बघायला स्वतः विमानात बसून जायचा, पशेमिशल या ऑस्ट्रियाच्या किल्ल्याच्या वेढ्यात त्याने हे केलंय. याच फ्रीडमनने १९२२ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व काढलं. म्हणजे त्या समीकरणांची सगळ्यात महत्त्वाची पहिली दोन उत्तरं अशा दोन माणसांनी काढली ज्यांनी युद्धात वारा मोजला आणि पडणाऱ्या वस्तूचा मार्ग काढला. एक जर्मन, एक रशियन. फ्रीडमनही १९२५ मध्ये टायफॉइडने गेला, ३७ वर्षांचा.

आजारपण. पेम्फिगस. कातडीवर आणि तोंडात फोड येतात, फुटतात, खाली कच्ची जखम राहते, जळल्यासारखी. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या भागावर उलटते. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांमध्ये हा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो. आज स्टेरॉइड आणि नंतरची औषधं आहेत, पण स्टेरॉइड आली १९५० च्या आसपास. १९१६ मध्ये डॉक्टरकडे मलमपट्टीपलीकडे काही नव्हतं आणि बहुतेक पेशंट जखमांतून होणाऱ्या इन्फेक्शनने आणि शरीरातलं पाणी निघून गेल्याने जायचे. गणवेशाचं जाड कापड, पट्टा, बूट, आणि आत अशी कातडी. आघाडीवर असतानाच त्याला हे सुरू झालं, आणि मार्च १९१६ मध्ये त्याला परत पाठवलं.

पण त्याने त्या अवस्थेतही काम थांबवलं नाही. ३० मार्चला अकॅडमीसमोर त्याचा आणखी एक पेपर आला, यावेळी रिलेटिव्हिटी नाही, क्वांटम. विद्युत क्षेत्रात अणूच्या वर्णरेषा फुटतात, त्याला श्टार्क परिणाम म्हणतात, त्याचं बोर आणि झोमरफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञांच्या पद्धतीने गणित. पाऊल एपस्टाइन यांनीही स्वतंत्रपणे तेच काढलं. पद्धत पुन्हा ग्रहगणितातलीच, कक्षा आणि त्यांना बसणारे धक्के. तो पेपर छापून प्रसिद्ध झाल्याची तारीख ११ मे १९१६. त्याच दिवशी तो गेला. एका वर्षभरात तोफेचा गोळा, वाकलेला अवकाश आणि अणूतला इलेक्ट्रॉन, तिन्ही ठिकाणी एकाच माणसाचा हात, आणि त्यातला बराच काळ तो युनिफॉर्ममध्ये.

पुरला ग्योटिंगेनच्या शहर दफनभूमीत. २९ जूनला अकॅडमीत आइन्स्टाइनने श्रद्धांजलीचं भाषण केलं. आइन्स्टाइन युद्धाच्या ठाम विरोधात होता आणि श्वार्झशिल्ड स्वतःहून गेलेला, तरी त्या भाषणाला तोच उभा राहिला. इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात त्याचा मृत्युलेख लिहिला, युद्ध चालू असताना, शत्रूच्या तोफखान्यातल्या ऑफिसरचा.

यानंतरचं लिहिताना हात जड होतो. तो जाऊन पाच महिने झाले आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रशियाच्या युद्धमंत्र्याने हुकूम काढला की सैन्यात किती ज्यू आहेत आणि त्यातले किती खरंच आघाडीवर आहेत ते मोजा, कारण तक्रारी येत होत्या म्हणे की ज्यू लोक मागे सुरक्षित जागी बसतात. मोजले, पण आकडे युद्ध संपेपर्यंत जाहीर केले नाहीत आणि संशय मात्र पसरू दिला. पुढे नाझी आले. मार्टिन १९३६ मध्ये देशाबाहेर पडला, अमेरिकेत गेला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात दाखल होऊन इटलीत होता, नंतर प्रिन्स्टनला ताऱ्यांच्या अंतरंगाचा मोठा अभ्यासक झाला. आगाथे न्यूझीलंडला जाऊन ग्रीक आणि लॅटिनची प्रोफेसर झाली. आल्फ्रेड, ज्याच्या जन्माच्या वर्षी बाप युद्धावर गेला होता, तो जर्मनीतच राहिला आणि १९४४ मध्ये त्या छळाच्या काळात गेला. बापाने ज्या देशासाठी स्वतःहून गणवेश घातला त्याच देशात.

आणि तो दाबून ठेवलेला तोफेचा पेपर १९२० मध्ये छापून आला तेव्हा हरलेल्या जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह लागू झालेला होता, जर्मनीला मोजक्या हलक्या तोफा ठेवायची परवानगी होती आणि अवजड तोफा कापून भंगारात जात होत्या.

राहिला शेवटचा प्रश्न, युद्धात मेला म्हणायचं का. फौजेत कागदावर दोन रकाने असतात, बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी. गोळी, गोळ्याची किरच, माइन, हे पहिल्यात. आजार दुसऱ्यात. नियमाने श्वार्झशिल्ड दुसऱ्या रकान्यात जातो, पेम्फिगस युद्धाने झाला असं कोणी सिद्ध करू शकत नाही आणि मीही तसं म्हणणार नाही. हेन्री मोझली, ज्याने अणुक्रमांकाचा नियम शोधला, तो १० ऑगस्ट १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत डोक्यात गोळी लागून पडला, २७ वर्षांचा, त्याचा रकाना स्पष्ट आहे. पण नोकरीत असताना दुसऱ्या रकान्यातली नावं मी स्वतः भरलीत, आणि त्यांच्या घरी जाऊन बसलोय. तिथे त्या घरातल्या बाईने मला कधी विचारलं नाही की रकाना कुठला. म्हणून तुम्हाला माझं उत्तर हवं असेल तर हो, मी म्हणतो, लेफ्टनंट श्वार्झशिल्ड, तोफखाना, नोकरीवर असताना गेला.